ओला हात डॉक्टरांना दाखव

पत्र:

ताई, मी 23 वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मला आत्याच्याच घरी दिली आहे, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. लग्नाला वर्ष होत आलं. बारावीत होते तेव्हापासून मला एक त्रास आहे. हात पाण्यात गेले की दोन-तीन मिनिटांत तळवे पांढरेफटक पडतात, फुगतात, सुरकुत्या येतात आणि बारीक पांढरे दाणे उठतात. जळजळ होते, मूठ आवळता येत नाही. हात पुसून बसलं की अर्ध्या तासात सगळं जातं. माहेरी आई सांभाळून घ्यायची. इथे भांडी आणि धुणं माझ्याकडे आहे. आत्या म्हणतात, काम नको म्हणून ही नाटकं. तालुक्याच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. ते म्हणाले, हात तर चांगले आहेत, आणि एक ट्यूब लिहून दिली. ती लावतेय, पण फरक नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, कोडाची सुरुवात असेल. तेव्हापासून मला झोप नाही. मिस्टर समजूतदार आहेत, पण आईपुढे बोलत नाहीत. आम्हाला मूल हवं आहे. पण हात असे असताना बाळाला अंघोळ कशी घालू? पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून गोळी आणते, एवढं सोडलं तर मला दुसरा आजार नाही. माझा धाकटा भाऊ मात्र कायम आजारी. त्याला सतत खोकला असतो, दोनदा टीबीचा कोर्स झाला, खाल्लेलं अंगी लागत नाही. मला मुलीसारखं समजून उत्तर द्या. नाव छापू नका.

उत्तर:

मुलीसारखं समजून लिही म्हणालीस, म्हणून 'तू' म्हणते. आधी झोप उडवणारी गोष्ट बाजूला करू. हे कोड नाही. कोडात गेलेला रंग अर्ध्या तासात परत येत नाही आणि त्याचा पाण्याशी संबंध नसतो. हा महारोगही नाही. संसर्ग नाही, तुझ्या हातचं खाल्ल्याने किंवा तुझ्या कपड्यांमुळे कुणाला काही होणार नाही. आणि हे नाटक तर मुळीच नाही. तीन मिनिटांत तळवा फुगवून त्यावर दाणे उठवण्याचं सोंग कुणालाही करता येत नाही.

तू जे लिहिलं आहेस ते एका ठरावीक विकाराचं जवळजवळ पूर्ण वर्णन आहे. त्याचं नाव आहे 'ॲक्वाजेनिक रिंकलिंग ऑफ द पाम्स'. काही डॉक्टर त्याला 'ॲक्वाजेनिक केराटोडर्मा' म्हणतात. दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहून ठेव, डॉक्टरांकडे जाताना उपयोगी पडतील. पाण्याने उद्भवणारा तळहातांचा हा विकार दुर्मिळ आहे. बहुतेक वेळा तो किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि मुलींमध्ये जास्त दिसतो. बारावीत सुरू झालं म्हणतेस, तेही यात बसतं. 1996 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन बहिणींच्या तळहातांवरचं हेच लक्षण नोंदवलं होतं, म्हणजे घराण्यातून येण्याची शक्यता तेव्हापासून माहीत आहे. पत्र छापायची परवानगी दिलीस ते बरं केलंस. असे हात घेऊन गप्प बसलेल्या आणखीही मुली असतील.

पाण्यात फार वेळ राहिलं की सगळ्यांच्याच बोटांना सुरकुत्या पडतात, मग तुझं वेगळं काय, असं आत्या विचारतील. फरक बराच आहे. नेहमीच्या सुरकुत्या बोटांच्या टोकांना पडतात, त्यांना वेळ लागतो आणि त्या दुखत नाहीत. त्या नसांच्या हुकमाने पडतात. बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची त्वचा आत ओढली जाते. ज्या बोटाची नस तुटली आहे त्याला पाण्यात सुरकुती पडत नाही, म्हणून हाताचे सर्जन नस शाबूत आहे का हे पाहायला ही खूण वापरतात. तुझ्या हाताचं तसं नाही. तुझी त्वचाच पाणी भराभर ओढून घेते. बोटांबरोबर सगळा तळवा फुगतो, पांढरा पडतो, घामाच्या बारीक छिद्रांपाशी दाणे उठतात आणि आग होते. कातडीच्या वरच्या थरात मीठ जास्त साचत असावं आणि ते पाणी खेचत असावं, घामाच्या नळ्यांचाही त्यात भाग असावा, असं तज्ज्ञांना वाटतं. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. पाणी कुठलं, यानेही फरक पडत नाही. बोअरचं जड पाणी असो की नळाचं, हात तसेच होणार. तेव्हा कुणी 'पाणी बाधलं' किंवा 'अंगात उष्णता आहे' म्हणून काढे द्यायला लागलं तर त्यात पैसे घालू नकोस.

आता तालुक्याच्या डॉक्टरांबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी दोन्ही वेळा तुझा कोरडा हात पाहिला आणि कोरड्या हातावर या विकाराची काहीच खूण नसते. याचं निदान ओल्या हातावरच होतं. त्वचारोगाच्या पुस्तकांत तर 'बादलीतला हात' अशी याची खूणच नोंदलेली आहे, कारण डॉक्टरांना पटावं म्हणून रुग्ण हात पाण्यात बुडवूनच दवाखान्यात येतात.

तूही तेच कर. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात जा. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, ते तुला जवळ पडेल. जाण्याच्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नकोस. मेंदी असेल तर ती उतरल्यावर जा, नाहीतर रंगाखाली पांढरेपणा दिसत नाही. पिशवीत एक भगुलं आणि पाण्याची बाटली ठेव. नंबर जवळ आला की उजवा हात पाण्यात घाल आणि डावा कोरडा ठेव. दोन्ही हात शेजारी शेजारी दिसले की डॉक्टरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. दवाखान्यात हे जमणार नसेल तर घरी फोनवर फोटो काढून ठेव. पाण्यात घालण्याआधीचा एक, मग तीन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, आणि पुसल्यावर अर्ध्या तासाने. फोनवर वेळ आपोआप येते, तीच नोंद. फोटो खिडकीजवळ उजेडात काढ. पिवळ्या बल्बखाली पांढरा तळवाही पिवळा दिसतो.

त्या ट्यूबबद्दल सांगते. तिचा खोका डॉक्टरांना दाखव. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबा सर्रास दिल्या जातात आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पुन्हा पुन्हा आणल्या जातात. तुझी ट्यूब त्यातली असेल तर तिचा तुला उपयोग नाही. तुझ्या हाताला ना बुरशी आहे ना जंतू, आणि स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते. ती बंद कर. घरात दुसऱ्या कुणाच्या नायट्यालाही लावायला देऊ नकोस, तिथे ती जास्त नुकसान करते.

पाळीत घेतेस त्या गोळीची पट्टीही बरोबर ने. काही औषधांनी हा विकार उद्भवल्याच्या नोंदी आहेत. त्यात सेलेकॉक्सिब आणि ॲस्पिरिन ही दुखण्यावरची औषधं येतात, टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक येतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनही येतं, जे मुलींना मुरमांवर किंवा चेहऱ्यावरच्या केसांवर देतात. तुझा त्रास महिनाभर असतो, म्हणून गोळी हे कारण असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरी पट्टीवरचं नाव वाचून घ्यावं.

उपचार अवघड नाहीत, पण धीर लागतो. पहिलं औषध बहुधा 20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण असतं. तळहाताला अति घाम येतो त्यांना देतात तेच. रात्री झोपताना, हात पूर्ण कोरडे असताना लावायचं आणि सकाळी धुवायचं. चीर किंवा भेग असेल तर झोंबतं, तेव्हा त्या जागी लावू नकोस. सुरुवातीला रोज लावायचं आणि फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा, असं साधारण चालतं. काहींना युरियाच्या किंवा सॅलिसिलिक ॲसिडच्या मलमाने बरं वाटतं. एवढ्याने भागलं नाही तर आयन्टोफोरेसिस नावाचा उपचार आहे, त्यात हात पाण्यात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात. त्याच्याही पुढे बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत. ती महाग असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात, म्हणून मी ती शेवटी ठेवीन. काही जणींचा त्रास वर्षांनी आपला आपण कमी होतो. तो कधी होईल हे सांगता येत नाही, म्हणून त्याची वाट पाहत बसू नकोस.

ॲल्युमिनियमचं नाव ऐकून कुणीतरी तुरटी सुचवेलच. तुरटीतही ॲल्युमिनियम असतं हे खरं, पण ती विरघळवून त्या पाण्यात हात बुडवून बसायचं म्हणजे जो त्रास टाळायचा तोच करायचा. आणि तुरटी म्हणजे हे औषध नव्हे.

रोजच्या कामाचं असं कर. भांड्यांचा ढीग एका बैठकीत घासू नकोस. थोडी घास, हात कोरड्या फडक्याने पुरते टिपून घे, दुसरं कोरडं काम कर, मग उरलेली घास. पाण्याला हात लावण्याआधी तळव्यांना व्हॅसलीनचा पातळ थर लाव. आत सुती हातमोजे आणि वर रबरी, असं घातलं तर पाणी लागत नाही. नुसते रबरी मोजे घालू नकोस. आत घाम येतो आणि काही जणींना त्या घामानेही हात फुगतात. सुती मोजे ओले झाले की बदल. दांड्याचा ब्रश घे. धुण्यासाठी मशीन परवडत असेल तर ती चैन नाही, तुझ्यासाठी औषधाइतकीच गरजेची आहे. आणि मिस्टर समजूतदार आहेत असं तूच लिहितेस, तर ते भांडी घासू शकतात. आईपुढे बोलवत नसेल तर न बोलता घासायला बसावं.

आत्यांना पटवायचं कसं? वाद घालू नकोस, दाखव. दुपारी निवांत वेळ बघून एका घमेल्यात साधं पाणी घे. म्हण, आत्या, पाच मिनिटं माझ्या शेजारी हात घाला. तुझा हात आणि त्यांचा हात, एकच पाणी. त्या तुझ्या वडिलांच्या बहीण आहेत, परक्या नाहीत. भाचीचा फुगलेला तळवा समोर दिसल्यावर त्या हेका धरतील असं मला वाटत नाही. आणि एक नीट बघ. त्यांचाही तळवा लवकर पांढरा पडून फुगला तर त्याचा फोटो काढ आणि तोही डॉक्टरांना दाखव. असं का सांगते ते आता येईल. माझ्या उत्तराचा पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सावकाश वाच आणि मिस्टरांनाही वाचायला दे.

तुझ्या पत्रातलं शेवटाकडचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. भावाला सतत खोकला, दोनदा टीबीचा कोर्स, खाल्लेलं अंगी लागत नाही. हे तू जाता जाता लिहिलंस. पण तुझ्या तळहातांचा आणि त्याच्या खोकल्याचा संबंध असू शकतो.

सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक जन्मजात आजार आहे. 1938 साली अमेरिकेच्या डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं फार दिसली. त्या धाग्यावरून पुढे, 1953 साली, कळलं की त्यांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असतं. आपल्या पेशींच्या कडेला मिठाची ये-जा करणारी दारं असतात. ती बनवणारा जनुक, सीएफटीआर, 1989 मध्ये सापडला. या आजारात ती दारं नीट उघडत नाहीत. मग फुफ्फुसातला कफ घट्ट आणि चिकट होतो, छातीत पुन्हा पुन्हा जंतू वाढतात, स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, म्हणून खाल्लेलं तूप-तेल पचत नाही आणि मूल वाढत नाही. घाम मात्र खारट होतो. आणि 1974 मध्ये न्यूझीलंडचे बालरोगतज्ज्ञ आर. बी. एलियट यांनी लिहिलं की या मुलांचे तळहात पाण्यात फार लवकर सुरकुततात. तुझ्या हाताचं जे दिसतं, त्याची वैद्यकातली पहिली नोंद हीच.

हा आजार व्हायला सदोष जनुक दोन लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच असेल तर माणूस धडधाकट असतो, त्याला वाहक म्हणतात. पण अशा काही वाहकांचेही तळहात पाण्यात लवकर फुगतात. म्हणून तळहातांचा हा विकार दिसला की आम्ही घरातल्या खोकल्याची, वजनाची, घामाची चौकशी करतो. हा विकार असलेल्या अनेकांना त्या जनुकाचा काहीही दोष नसतो, हेही लक्षात ठेव. तुझ्या भावाचा खोकला खरोखर टीबीचा किंवा दम्याचा असू शकतो. मी निदान करत नाहीये, एक तपासणी करून घ्यायला सांगतेय.

आईला फोन कर आणि विचार. भावाचा लहानपणी पापा घेतला की खारट लागायचा का? उन्हाळ्यात शर्ट वाळल्यावर त्यावर पांढरे डाग पडतात का? कडक उन्हात तो एकदम गळून जातो का? शौचाला तेलकट, घाण वासाची, पाण्यावर तरंगणारी होते का? नाकात कोंब वाढून बंद होतं का? टीबीचं औषध सुरू केलं तेव्हा थुंकीत जंतू खरंच सापडले होते, की एक्स-रे आणि खोकला बघूनच कोर्स दिला? आपल्याकडे सिस्टिक फायब्रोसिस होतच नाही अशी समजूत बरीच वर्षं होती, आणि अशा मुलांच्या खोकल्याला टीबी समजून औषधं दिली जातात. सध्या त्याचं एखादं औषध चालू असेल तर माझ्या लिहिण्यावरून ते बंद करू नका.

तपासणी साधी आहे, सुई लागत नाही. हाताच्या कातडीवर औषध लावून मंद वीजप्रवाहाने तेवढ्या जागी घाम आणतात, तो गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. आकडा 30 च्या खाली असेल तर हा आजार असण्याची शक्यता कमी. 60 किंवा जास्त असेल तर आजार धरतात, पुन्हा मोजून खात्री करतात. मधला आला तर पुढे जनुकाची तपासणी. ही घामाची तपासणी सगळीकडे होत नाही. मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत मुलांच्या छातीविकाराच्या विभागात विचारा, जाण्याआधी फोन करून खात्री करा. दिल्लीच्या एम्समध्ये ती वर्षानुवर्षं होते आहे. जनुकाची तपासणी करायची वेळ आली तर एका दोषापुरती करू नका. युरोपात ज्या एका दोषाने बहुतेकांना हा आजार होतो, त्याचं प्रमाण भारतीय रुग्णांत बरंच कमी आहे. फक्त तोच शोधला आणि सापडला नाही म्हणून घरी परतलं, असं होऊ नये. पूर्ण जनुक वाचून घ्या.

निदान झालं तर भावासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. जेवणाबरोबर पाचक रसाच्या गोळ्या, कफ सुटावा म्हणून रोजचा छातीचा व्यायाम, योग्य अँटिबायोटिक, उन्हाळ्यात जास्तीचं मीठ. 2019 पासून त्या दारांवरच काम करणारं तीन औषधांचं मिश्रणही अमेरिकेत मिळू लागलं. ते फार महाग आहे आणि सगळ्याच दोषांवर चालत नाही, पण बाकीचे उपचार आपल्याकडे होतात आणि लवकर सुरू केले तर फुफ्फुसं जास्त काळ चांगली राहतात. टीबीचा तिसरा कोर्स सुरू व्हायच्या आत ही तपासणी झालेली बरी.

आता तू आणि तुझं होणारं बाळ. तू आत्याच्या घरी आहेस, म्हणजे मिस्टर तुझे आतेभाऊ. आपल्या भागात अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हिशोब समजून घे. भावाला हा आजार निघाला तर तुझे आई आणि वडील दोघेही वाहक असणार. मग तुला स्वतःला आजार नसेल तर तू वाहक असण्याची शक्यता 3 मध्ये 2 होते. वडिलांकडचा सदोष जनुक तुमच्या आजीकडून किंवा आजोबांकडून आलेला, तो आत्यांकडेही असण्याची शक्यता निम्मी, आणि त्यांच्याकडून तुझ्या मिस्टरांकडे येण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे 4 मध्ये 1. घमेल्यात आत्यांचा हात बघ म्हणाले ते यासाठी. पण हात पाहून काही ठरत नाही, हात लवकर सुरकुतला नाही म्हणून त्या वाहक नाहीत असंही नाही. ठरतं ते रक्ताच्या तपासणीने.

तुम्ही दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर बाळाला हा आजार जवळजवळ होत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की भावाची तपासणी आधी व्हावी, आणि त्यात आजार निघाला तर तुमची दोघांची जनुक तपासणी दिवस राहण्याआधी व्हावी. तुम्ही दोघंही वाहक निघालात आणि दोष नेमका कुठला ते कळलेलं असलं, तर गरोदरपणाच्या 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. पुढे काय करायचं ते तुमचं दोघांचं राहील. त्यासाठी जनुकीय सल्ला देणारे डॉक्टर भेटतात, त्यांच्याशी आत्यांना वगळून बोला. भावाचा रिपोर्ट स्वच्छ आला तर हा सगळा हिशोब बाजूला ठेव. तुझे हात बघून त्वचारोगतज्ज्ञांना तुझी स्वतःची तपासणी करावीशी वाटली, तर मात्र तेवढी करून घे.

आत्यांना हे सांगताना एक काळजी घे. 'तुमच्या घराण्यातून आलं' असं कुणाच्या तोंडून निघू देऊ नकोस, तुझ्या आईच्याही नाही. सदोष जनुक दोन्ही बाजूंनी लागतो. कुणी मुद्दाम दिलेला नसतो आणि असल्याचं कुणाला माहीतही नसतं. हे बोलणं मिस्टरांनी करावं, तू नको. आईपुढे बोलत नाहीत असं लिहिलंस, पण हा विषय त्यांच्या होणाऱ्या मुलाचा आहे, इथे त्यांना बोलावंच लागेल. हवं तर हा अंक त्यांच्या हातात दे.

बाळाच्या अंघोळीचं विचारलंस. घालता येईल, निश्चिंत राहा. आधी मालीश करशील तेव्हा तुझ्या तळव्यांना तेल असेलच, ते पुसू नकोस, पाणी हातावर कमी टिकेल. अंघोळ पाच-सात मिनिटांची असते. हात फुगले तरी बाळाला अपाय नाही, पण त्या वेळी पकड सैल होते आणि ओलं बाळ निसटू शकतं. म्हणून पहिले काही महिने पाणी दुसऱ्या कुणी घालावं आणि तू कोरड्या पंचात बाळाला घ्यावंस. पहिल्या बाळंतपणाला माहेरी असशील तर आई आहेच, आणि सासरी ते काम आत्यांना आवडीने करू दे.

या आठवड्यात दोनच गोष्टी कर. आईला फोन, आणि हातांचे फोटो. मिरजेला जाशील तेव्हा फोटो, ट्यूबचा खोका, गोळीची पट्टी आणि दोन नावांची चिठ्ठी बरोबर ने, भावाच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणि टीबीचं कार्डही आईकडून मागवून घे. भावाच्या घामाचा रिपोर्ट आला की त्यातला क्लोराइडचा आकडा मला लिहून पाठव. तुमच्या दोघांची तपासणी करायची का, हे त्यावरून सांगेन.